झिपरीला काय शिकवायचं

नाही, शौनक, ते बटण तू दाबायचं नाहीस. हात मागे घे. मोबाईल माझा आहे, खेळातलं खातं माझ्या नावाचं आहे आणि त्यातलं ते मुंगूस, झिपरी, तेही माझंच आहे, मग खेळायला दिवसभर तूच का बसेनास. बस त्या स्टुलावर. काका जेवायला गेलेत, दुकानात चिटपाखरू नाही, तेव्हा थोडा वेळ तुला ऐकून घ्यावंच लागेल. घाई? कसली घाई? संध्याकाळी लढाई आहे, तुझी सगळी टोळी खोळंबली आहे, मला ठाऊक आहे. पण झिपरी शेवटच्या पायरीवर आली आहे, आणि आता तिला एकच विद्या देता येणार — एकच — आणि ती एकदा दिली की परत घेता येत नाही, असं त्या चौकटीत लाल अक्षरांत लिहिलंय. वाचलंस? नाही वाचलंस. तू कशाला वाचशील! फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं असो की खेळातलं, लाल अक्षरं वाचायची नाहीत अशी आपल्या घराण्याची शिस्तच आहे.

आता नीट ऐक, मी अगदी शांतपणे सांगते. नाही, मी शांतच आहे — माझा आवाज असाच आहे. तीन वाटा आहेत : दंश, ढाल आणि माग. दंश शिकवला की झिपरी धावत जाऊन चावणार, विष सोडणार. ढाल शिकवली की ती तुझ्यापुढे उभी राहून तुझ्या वाटणीचा मार खाणार. आणि माग म्हणजे — हसू नकोस — माग म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधी ती गवतात शिरणार आणि शत्रू कुठे दडलाय, किती आहे, कुठल्या बाजूने येतोय ते सांगणार. तुला दंश हवाय. टोळीला दंश हवाय. काऊन बे, पण? — बघ, चिडले की विद्यापीठातली सगळी भाषा गळून पडते — का, असं विचारतेय मी. तर चावलेलं दिसतं म्हणून! पडद्यावर आकडे उडतात, टोळीतली पोरं वाहवा करतात. माग काढलेला कोणाला दिसतो? संकट आधीच कळलं आणि टळलं, तर त्याचे फटाके कोण वाजवणार? कोणी नाही.

आणि मला एक सांग, गेल्या तीन लढाया आपण का हरलो? नशीब? नशीब नाही रे. नव्या अपडेटनंतर खेळातल्या त्या शत्रूंना, खडकसापांना, विषाचं काही वाटेनासं झालंय. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत सांगितलं होतं की यांना सवय झाली, आता पद्धत बदल. तू काय केलंस? टोळीतल्या प्रत्येकाच्या जनावराला दंशच शिकवलास. वाघाला दंश, घुबडाला दंश — त्या बिचाऱ्या कासवालासुद्धा दंश! कासव चावून चावून चावणार किती? आणि आता म्हणतोस, ताई, सगळ्यांनी मिळून एकदम चावलं की होईल. व्वा. अगदी काकांचा मुलगा शोभतोस. नाही, हे मी कौतुकाने म्हटलेलं नाही.

सकाळचं तुला माहीत नाही, तू झोपला होतास. त्या नाल्यापलीकडच्या भिमाबाई आल्या होत्या. पदरात कपाशीचं एक बोंड घेऊन. वरून कसं होतं? हिरवंगार, टणक, नजर लागावी असं. मी ते फोडलं, तर आत गुलाबी अळी, सरकी खाऊन सुस्त पडलेली. आता हे बीटी बियाणं मुळात कशासाठी आलं होतं? बोंडअळीसाठीच. पहिली काही वर्षं अळी मरत होती, हे मी नाकारत नाही. पण सगळ्यांनी सगळीकडे तेच एक लावलं, अळीला सवय लागू नये म्हणून पाकिटासोबत येणारं साधं बियाणं बांधावर लावायचं सोडून उकिरड्यावर फेकलं, आणि त्या अळीला सवय झाली. खडकसापांसारखीच. मी म्हटलं, मावशी, ही बोंडाच्या पोटात जाऊन बसली आहे, वरून कितीही ओतलं तरी तिच्यापर्यंत पोचायचं नाही. डोमकळ्या, म्हणजे ती मिटून राहिलेली किडकी फुलं, वेचून जाळा. अळीच्या नर पतंगांना वासाने ओढणारे ते कामगंध सापळे लावा. रोज किती पतंग अडकतात ते मला येऊन सांगा, मग फवारायचं की नाही ते आपण ठरवू. त्यांना पटलं, शौनक! त्या म्हणाल्या, "हाव बाई, आधी पाह्यतो मी." किती सरळ वाक्य आहे — आधी पाहते. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आणि तेवढ्यात काका आले. "अवं, सापळ्यानं काय होते? हे तीन औषधं घे, एकाच पंपात कालव अन् मार. उद्या अळी हुडकूनही सापडाची नाही." एकाच पंपात, तीन! आणि याच्यावर कडी म्हणजे पुढचं वाक्य — "आमच्या मॅडमनंच सांगतलं आहे व, एमेस्सी झाली थे." मी तिथेच उभी होते. या इथे, काउंटरच्या या टोकाला. माझ्या तोंडावर माझ्याच नावाने ते औषध तिच्या पिशवीत गेलं, आणि भिमाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की — जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं? तुला माहीत आहे ना, पदवीचा माणूस दाखवल्याशिवाय औषधांचा परवाना मिळत नाही? तो माणूस मी आहे. दुकान तुमचं, नाव माझं. खातं माझं, खेळणार तू. आणि मी काय करायचं? चहा सांगायचा, बिल फाडायचं, आणि कोणी विचारलं तर हसून मान डोलवायची. अरे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून एमेस्सी होऊन आल्यापासून मी सांगितलेलं कोणी पूर्ण ऐकलं असेल, तर ते या मुंगसाने. हस, खुशाल हस. पण थांब म्हटलं की ती थांबते. या दुकानात दुसरं कोण थांबतं?

आणि फवारणार कोण होतं, सांग? भिमाबाई स्वतः. मजूर मिळत नाही, म्हणून पाठीवर पंप घेऊन त्याच जाणार होत्या, या उन्हात, तोंडाला नुसता पदर बांधून. तीन विषं एकत्र केल्यावर काय तयार होतं हे बनवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही, आणि वारा फिरला की ते सगळं त्यांच्याच नाकातोंडात. मला बिल फाडतानासुद्धा दुसरं काही दिसेना. म्हणून तर मी बँकेचं निमित्त करून स्टँडपर्यंत पळत गेले आणि त्या बाटल्या —

काही नाही.

काय बघतोस असा? काही नाही म्हटलं ना. ... बरं. हो. परत घेतल्या. त्यांच्या बदल्यात सापळे दिले आणि म्हटलं, मावशी, काकांजवळ बोलू नका. तीनही बाटल्या माझ्या पिशवीत आहेत. चोरी म्हणू नकोस, नेमका शब्द वापर : परत घेतल्या. मी हे आज सांगणार नव्हते, निदान तुला तर नाहीच. पण आता निघालंय तोंडातून.

लावतोयस फोन? लाव. जेवत असतील, घास खाली ठेवून येतील. पण अर्धं सांगू नकोस, पूर्ण सांग. सांग की हिमानी म्हणाली, जे माझ्या नावावर विकलं जाईल ते मी ठरवीन. शेतकऱ्याला काय द्यायचं ते मी आधी बोंड फोडून बघेन, मग सांगेन. आणि हे जमत नसेल तर उद्याच बुलढाण्याला कृषी कार्यालयात जाऊन परवान्यावरचं नाव काढून घेते, मग तुम्ही कीटकनाशकांऐवजी इथे खुशाल शेव-चिवडा विका. मला भीती वाटत नाही? वाटते. भीती वाटते म्हणून खोटं नाव किती दिवस चालवायचं, एवढंच विचारतेय मी.

आणि हे बघ. इकडे बघ, मोबाईलकडे. माग. दाबलं. "खात्री आहे का?" — आहे. झालं. आता ती चावायची नाही, तुझ्यापुढे मार खायलाही उभी राहायची नाही. गवतात शिरून काय आहे ते सांगेल, आणि तुम्हाला ऐकायचं असेल तर ऐका. टोळीतून काढशील? काढ. आम्ही दोघी एकट्या खेळू. हरू? हरू कदाचित. पण कशाने हरलो ते तरी कळेल.

चल, ऊठ आता स्टुलावरून. ऊठ म्हटलं ना, गिऱ्हाईक आलंय. फोन बाहेर ओट्यावर जाऊन कर, आणि मोठ्याने कर, मला ऐकू येऊ दे. — या, कोकिळाबाई, या. बसा. नाही, काका जेवायला गेलेत, मी आहे ना. औषधाचं मग पाहू, मावशी. आधी ते बोंड इकडे द्या.