काचेखालचा पत्रा

नाव: पद्माकर यशवंत शेलार. वय: ८१ वर्षे. धंदा: सध्या काही नाही, पूर्वी गोदीत फिटर. शिक्षण: सातवी नापास. राहणार: मुलाकडे, तोआ पायोह, सिंगापूर. मूळ राहणार तालुका खटाव, जिल्हा सातारा.

मी समक्ष हजर राहून, दुभाषी बाईंमार्फत विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी मुलगा परेश व सून रुचिरा यांच्यासोबत राहतो. परेश हा फिर्यादी सारंग नाडकर्णी यांच्या हाताखाली नोकरीस आहे. आजच्या प्रकाराची त्याला काहीही कल्पना नव्हती. हे पहिल्यांदा लिहून घ्यावे. त्याच्या इथल्या नोकरीच्या पासला धक्का लागू नये.

माझे वडील यशवंत शेलार दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानात शेपटीकडच्या मशीनगनवर होते. मी आईच्या पोटात असताना विमान बेपत्ता झाल्याची तार आली. ते मेल्याची तार कधी आली नाही. म्हणून आईने कुंकू पुसले नाही. ती गेली तेव्हा तिला हिरवे लुगडे नेसवून, मळवट भरून नेले. वडिलांचे श्राद्ध आमच्या घरी झालेले नाही.

मागच्या महिन्यात फिर्यादीने आम्हाला नोव्हेना येथील त्यांच्या कॉन्डोत जेवायला बोलावले. त्यांना जंगलात पडलेली विमाने शोधण्याचा छंद आहे. हॉलमध्ये टीपॉय आहे: जळका पत्रा, त्यावर काच, खाली रंगीत दिवे. हे जोहोरच्या दलदलीतून आणलेले विमानाचे शेपूट, असे त्यांनी चकली खात सांगितले. विमान पेटल्यावर बाकीचे छत्रीने उतरले. जपान्यांनी त्यांना पकडून सिंगापुरात आणले व मुंडकी उडवली. हे सांगताना फिर्यादीने स्वतःच्या गळ्यावरून सुरी फिरवून दाखवली. मग म्हणाले, "आणि शेपटीत आपलाच माणूस होता बरं का! यशवंत शेलार की कोण. दार अडकलं, तिथेच रोस्ट झाला बिचारा." पाहुणे हसले. पत्र्यावरच्या काचेवर त्या वेळी दारूचे ग्लास व शेंगदाण्याची वाटी होती.

मी म्हणालो, ते माझे वडील. फिर्यादी म्हणाले, "काका, काय सांगता! मग तर स्टोरी अजून भारी झाली." त्यांनी टीपॉयशेजारी उभे करून माझा फोटो काढला. मी पत्रा मागितला. ते म्हणाले, "तुम्ही नेऊन काय करणार? चिखलात गंजत होता. आम्ही पॉलिश केलं, लाइट लावले. रिस्पेक्टच दिलाय की." रिस्पेक्ट हा शब्द त्यांचा आहे, तसाच लिहावा.

घरी परेश म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना. बॉस आहे माझा."

आज सर्वपित्री अमावास्या. दुपारी मी एकटा एमआरटी रेल्वेने फिर्यादीच्या घरी गेलो. जबरदस्तीने घरात शिरलो हे खोटे आहे. फिर्यादीनेच दार उघडले व "या काका, अजून एक फोटो हवा का?" असे म्हणाले. माझ्या डब्यात भाताचा पिंड व काळे तीळ होते. फिर्यादी ज्याला संशयास्पद पदार्थ म्हणतात तो हाच. काचेवर पिंड ठेवून चालणार नव्हते, म्हणून मी काच उचलली. काच जड होती. ती निसटून फुटली. काचेबद्दल मी दिलगीर आहे. पिंड पत्र्यावर ठेवला, तीळपाणी सोडले व बाल्कनीचे दार उघडून वाट पाहिली. एक कावळा कठड्यावर येऊन बसला. फिर्यादीने उशी फेकून त्याला हाकलले व इथे कावळ्यांना खायला घालणे गुन्हा आहे म्हणून ओरडले. मग मी पत्रा कवटाळून खाली बसलो. "काका, सीन करू नका, बिल्डिंगमध्ये सगळे ओळखतात मला," असे ते म्हणत होते. पोलीस येईपर्यंत मी उठलो नाही.

फिर्यादीचे वडील हयात आहेत की नाही, मला माहीत नाही. हयात असल्यास त्यांनी जपून राहावे. या घरात त्यांचाही टीपॉय होईल.

पत्रा फिर्यादीस परत देऊ नये. मला द्यावा. मी तो समुद्रात सोडीन.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त जप्त मालाच्या यादीत "विमानाचा पत्रा, मालक सारंग नाडकर्णी" असे लिहिले होते. मालक या शब्दास मी हरकत घेतली. जबाब घेणाऱ्या पोलीस साहेबांनी विचारले, मग तिथे कोणाचे नाव लिहू? मी म्हणालो, माझ्या सहीतले मधले नाव लिहा.

सही: पद्माकर यशवंत शेलार