बिननावाचा कॉम्प्युटर

१९९३ साल. धुळे-अमळनेर एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक तरुण मांडीवर कॉम्प्युटरचा डबा धरून बसला होता. शेजारी जिनिंग फॅक्टरीवाले नाना.

“हा कोणत्या कंपनीचा रे, वाल्मीक?”

“कंपनीचा नाही, नाना. मुंबईहून भाग आणले आणि मीच जोडला.”

“मग मला नको. डब्यावर नाव तरी पाहिजे.”

“नाववाल्यांच्या डब्यातही हेच तैवानचे भाग असतात.”

“असतील. पण बिघडला तर?”

“कंपनीवाले मुंबईला पत्र टाका म्हणतात. मी सायकलवर येईन.”

“ऐन कापसाच्या हंगामात?”

“हंगामात तुमच्या जिनातच मुक्काम करतो.”

“आणि उद्या पुण्याला नोकरीला पळालास तर?”

“आई जाऊ देणार नाही.”

“कोण आई तुझी?”

“नदीपलीकडच्या पैलाडची झुंबरबाई.”

“आमच्या काट्यावर कापसाच्या वजनासाठी मुनिमाशी भांडते, ती?”

“तीच.”

“मग असं कर. या डब्यावर तुझं नाव टाक, चांगल्या मोठ्या अक्षरात.”

“म्हणजे घेताय, नाना?”

“घेतो. पण खाली आईचं नाव आणि घरचा पत्ताही टाक.”