टाचांची क्रीम

खोकल्याचं औषध घ्यायला आलेले मास्तर दुकानाच्या रांगेत होते. पुढे नणंद-भावजय.

“वहिनी, बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी डोळ्यांखाली काही लावत नाही. सुरकुत्या घालवणारा ग्रोथ फॅक्टर हवा म्हणजे हवा! रविवारी लेकीला बघायला येतायत, मी काय तिची आजी दिसू?”

“मग महिनाभर कुठली लावलीत, वन्सं?”

“बेसिनवरची निळी.”

“अहो, ती माझी टाचांच्या भेगांची! वाचली नाहीत?”

“चष्मा कुठे लावते मी? वण उठतात गं डोळ्यांखाली. पण सुरकुत्या गेल्या की!”

“माझ्या भेगा मात्र जशाच्या तशा. म्हणजे तुमची महागाची पांढरी मी...”

“टाचांना फासलीस?”

नणंद दुकानदाराकडे वळली.

“दादा, टाचांच्याच दोन द्या.”

मास्तरांचा नंबर आला. त्यांनीही टाचांचीच मागितली. घरी पोचल्यावर त्यांना खोकला आला.