विश्वंभर कासाराचा हात

मंडळी, ऐका. आज नुसतं ऐकून सुटका नाही, उत्तर द्यावं लागेल. सांगा — दारुडा कोणाला म्हणायचं?

मागून कोणीतरी बोललं, गटारात पडतो त्याला! शाबास. पण गटारात पडलेला ओळखायला ज्ञान कशाला हवं? नाक पुरे! मी विचारतोय तो वेगळा. तो पडत नाही. बायकोवर हात उचलत नाही. वेळेवर कामाला जातो, देवळात येतो, आणि संध्याकाळी थोडीशी घेतो, हौस म्हणून. ही हौस कुठं संपते आणि गरज कुठं सुरू होते? त्या हद्दीवर काही दगड रोवलेला नसतो. मग कळायचं कसं? याचं उत्तर माझ्या गावच्या एका माणसानं दिलं. ते सांगताना माझी छाती फुगते — फुगू द्या, आज मला अडवू नका.

आमचं गाव तांबेवाडी, आणि तिथला हा विश्वंभर कासार. बांगड्या भरण्यात पंचक्रोशीत तोड नाही. बाईला बोलण्यात गुंतवायचा — "काय आक्का, लेक बाळंतपणाला आली का?" — आणि ती उत्तर देईस्तोवर बांगडी मनगटात! मूठ कितीही रुंद असो, काच मापातलीच. सैल बांगडी भरणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आणि रीत ठाऊक आहे ना? बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला नमस्कार करते. ज्या सासवा देवापुढंसुद्धा उपकार केल्यागत वाकतात, त्यासुद्धा विश्वंभरपुढं वाकायच्या. असा मान होता त्याचा.

हा विश्वंभर आठवडी बाजार उरकला की मित्रांबरोबर एखादा ग्लास घ्यायचा. दिवसभर उन्हात बसलेला माणूस, कोण काय म्हणणार? मग बाजार नसला तरी घ्यायला लागला. पाहुणे आले म्हणून घेतली, पाहुणे गेले म्हणून घेतली! मन लागलं एकदा तिकडं, की कारणाला काय तोटा? एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. तोल मात्र कधी गेला नाही, आणि त्याचाच त्याला अभिमान.

त्याची बायको सुलोचना. तीही बांगड्या भरणारीच, बापाच्या घरी शिकलेली. एकदा वाढता वाढता म्हणाली, "अहो, आजच्या दिवस राहू द्या."

"मी काय दारुडा आहे का?" म्हणाला, आणि भरल्या ताटावरून उठला.

पुढं एक गंमत झाली. गावातल्या बायकांच्या बांगड्या सैल व्हायला लागल्या! विश्वंभर सांगायचा, "वहिनी, शहरात आता अशाच घालतात." झालं! पीठ मळताना बांगडी परातीत, भांडी घासताना बांगडी मोरीत, तरी आमच्या बायका मिरवतायत. शेजारच्या गावातनं बघायला यायच्या! खरं काय होतं? सकाळच्या पारी विश्वंभरचा हात कापायचा. मापातली बांगडी चढवताना काच टिकायची नाही. म्हणून गडी एक माप मोठं घ्यायचा. हाताला काय झालंय ते बघण्यापेक्षा माप बदलणं सोपं, नाही का? आणि स्वतःला सांगायचा, "वय झालं." चाळिशीत!

अशात रेवतीचं लग्न निघालं. शिंप्याची पोर, गावाची लाडकी. सकाळी मांडवात हिरवा चुडा भरायला विश्वंभर आणि सुलोचना आले. पाच-पन्नास बायका भोवती. आणि समोर कोण? नवरीच्या बापाची आत्या, गजराआत्या! तिला कसली फॅशन? म्हणाली, "विश्वंभरा, सैल नको हं. पोरीच्या चुड्याला धक्का लागता कामा नये. तुझ्या हातचा, मापातला भर."

विश्वंभरनं पोरीचा हात हातात घेतला — आणि स्वतःचा हात थरथरायला लागला. काच काचेवर वाजली. "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि पिशवी घेऊन गोठ्यामागं गेला. पिशवीत बाटली होती. चार घोट घेतले, भिंतीला टेकला, आणि जरा वेळानं हात समोर धरून पाहिला. हात थांबला होता!

मंडळी, इथं नीट लक्ष द्या. दारूनं हात कापला असता तर तो म्हणाला असता, आज जास्त झाली. पण हात दारूनं थांबला. दारू नाही म्हणून कापत होता, दारू मिळाली म्हणून गप्प बसला! ज्या हाताला गाव नमस्कार करतं, तो हात आता त्याचं ऐकत नव्हता, बाटलीचं ऐकत होता.

आता मांडवात जायचं, थांबलेल्या हातानं चुडा भरायचा, नमस्कार घ्यायचा आणि घरी जायचं. कोणाला कळणार होतं? वेलची चघळली की झालं! सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं असतं, देव जाणे.

विश्वंभर परत आला, बसला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाला, "आत्या, मला दारू लागलीय. आत्ता घेतली म्हणून हात थांबलाय. असल्या हातानं मी पोरीचा चुडा भरणार नाही."

सुलोचनेच्या डोळ्याला धार लागली. पण बाई उठली, पदर खोचला, रेवतीचा हात घेतला आणि एकेक बांगडी मापातली भरली. एकही वाढली नाही, साधा तडा गेला नाही. रेवतीनं तिला नमस्कार केला.

मग गजराआत्या गुडघ्यावर हात रोवत उठली आणि विश्वंभरपुढं वाकली. तो मागं सरला. "आत्या, मी भरल्या नाहीत."

"म्हणूनच करते," म्हातारी म्हणाली.

हे माझं गाव, मंडळी! अभिमान वाटू नये का?

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, बरं केलंत आलात. शरीराला एवढी सवय लागल्यावर घरच्या घरी एकदम तोडायची नाही, जिवावर बेततं. औषधं घेऊन, देखरेखीखाली सोडवू. लगेच सुटली का? नाही! मध्ये एकदा घसरला. सुलोचनेनं पुन्हा नेलं, तो पुन्हा गेला. आज दोघं शेजारी बसून बांगड्या भरतात, आणि आमच्या बायकांची फॅशन बुडाली ती बुडालीच!

आता तुमच्याकडं वळतो. मी कोणाच्या घरात डोकावणार नाही. तुम्हीच स्वतःला विचारा. आज नको असं ठरवून पुन्हा घेतली, असं होतं का? पूर्वी एवढ्यात भागायचं, आता भागत नाही? सकाळी बरं वाटायला तीच लागते? बाटलीची जागा बदलता का, घरात कळू नये म्हणून? एकालाही हो आलं, तर पडायची वाट बघू नका.

आणि हे ऐकताना ज्याला माझाच राग आला, "बुवाला काय कळतंय" असं जो मनात म्हणाला, त्यानं उद्या सकाळी मला भेटावं. मी देवळातच मुक्कामाला आहे. दवाखान्यापर्यंत त्याच्या बरोबर चालेन, भर पेठेतून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. कोणी विचारलं हा कोण, तर सांगेन — हा माझा माणूस आहे, आणि मला याचा अभिमान आहे.

उचला टाळ. देवाचं नाव घेऊ, आणि जो उद्या येणार आहे त्याच्यासाठी घेऊ.