पुलाच्या अलीकडे, जादा डाव

—नाही हो साहेब, गाडी गळत नाहीये. पाणी आहे ते, बर्फाचं. मागं अकरा पिशव्या बर्फ भरलाय ना, लग्नाचा. कुणाचं म्हणजे? माझ्या लेकीचं. आज, चार वाजता, नदीपलीकडच्या मेथडिस्ट चर्चमध्ये—इथनं चार मैल. हो, घड्याळ आहे माझ्याकडं, साडेतीन वाजून गेलेत, कळतंय मला. इंजिन ठणठणीत आहे. पेट्रोल आहे. टायर तर माझ्याच दुकानातले आहेत, त्यांना काय धाड भरलीय! मग पुलाच्या तोंडाशी कडेला गाडी लावून, सूटबूट घालून बसलोय कशाला—बरोबर आहे तुमचं, कुणीही विचारेल. 'आणीबाणीशिवाय थांबू नये'—वाचली पाटी. आणीबाणीच आहे साहेब. एक सेकंद हं—शू—गेला! गेला गेला गेला—घुसला! घुसला साहेब! बरोबरी! अहो, दुसऱ्या जादा डावात बरोबरी केली पोरांनी!

आता कळलं? रेडिओ. फुटबॉल, आपलं विद्यापीठ विरुद्ध नदीपलीकडचं. त्या पुलावर दिव्याचे खांब दिसतात ना—तिसऱ्या खांबापाशी आपलं स्टेशन मरतं. एकदम खर्रर्र. आणि चौथ्या खांबापासनं त्यांचं सुरू होतं—तो त्यांचा समालोचक, नाकातनं बोलणारा, आपल्या पोरांनी पास टाकला तरी 'दुर्दैवानं' म्हणतो. त्याच्या तोंडून निकाल ऐकू मी? त्यापेक्षा नदीत उडी टाकीन. आपला ओटिस क्रॅब्ट्री—सत्तावीस वर्षं झाली, त्याच्याच तोंडून ऐकतोय. म्हणून म्हटलं, इथं जरा टेकू. मोबाइलवर? मोबाइलवर अर्धा मिनिट उशिरा येतं साहेब. अर्ध्या मिनिटात काय काय होऊन जातं! आणि मोबाइलवर सारखे फोन येताहेत. उलटा घालून ठेवलाय तो सीटवर.

बर्फ पलीकडच्या राज्यात मिळत नाही का, म्हणता? मिळतो. मिळत असेल. पण अडीच वाजता विहीणबाई चर्चच्या स्वयंपाकघरात म्हणाल्या, 'बर्फ कमी पडणार बाई'—आणि मी म्हटलं, मी आणतो. त्या म्हणाल्या, 'अहो, कोपऱ्यावर दुकान आहे.' मी म्हटलं, छे छे, तुमच्याकडचा बर्फ लगेच वितळतो, आमच्याकडचा टिकतो. सुचेल ते बोललो! त्या बघतच राहिल्या. पण लेकीनं फक्त एकदा माझ्याकडं बघितलं आणि गुच्छ बांधत बसली. अशीच आहे ती. आईवर गेलीय.

काय लिहिलंय तुमच्या छातीवरच्या त्या पाटीवर—प्रुइट? कुठले प्रुइट? खताच्या दुकानवाले? हार्लन प्रुइटचा मुलगा तू? अरे देवा, मग आधी बोलायचं नाही का! हार्लन एकवीस वर्षं स्टेडियमात माझ्या मागच्या रांगेत बसायचा, चव्वेचाळीस नंबरला. त्याच्या कॉफीचे डाग आहेत माझ्या टोपीवर. म्हणजे तू आपला! आपल्या संघाचा, खेचरांचा! मग घे ना, वाक जरा, टेकव कोपर खिडकीला. ते चलानाचं पुस्तक ठेव रे खिशात, पळून चाललोय का मी? मी तर थांबलोय!

अंगावर काय घातलंय ते बघू नकोस. फूल पिवळं आहे, माहितीये. बगळ्यांचा, त्या पलीकडच्या संघाचा रंग. व्याह्यांनी लावलं कोटाला, सगळ्यांनाच लावलं, काय करणार—पण ही पँट वर करतो—हे बघ. मोजे. आपले, तांबडे. केकसुद्धा अर्धा तांबडा आणि अर्धा पिवळा केलाय, आणि पिवळी बाजू दोन बोटं मोठी आहे. टेप लावून मोजली मी. बायका हसल्या. हसू देत.

आता तू म्हणशील, या सामन्याच्या दिवशीच लग्न कुठल्या गाढवानं ठरवलं? मीच ठरवलं! पोरीनं मार्चमध्येच विचारलं होतं, 'पप्पा, तुम्हीच सांगा कुठला शनिवार. तुमचा सामना नसेल तो.' मी फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं, चष्मा लावला, आणि नोव्हेंबरचा हा शनिवार दाखवला—बघ, कोरा. सुट्टीचा आठवडा. तिनं पेनानं गोल केला आणि मला म्हणाली, 'नक्की ना?' म्हटलं, नक्की! मग सप्टेंबरात नदीला पूर आला, मैदानात गुडघाभर पाणी, बगळ्यांबरोबरचा सामना रद्द झाला, आणि त्या दीडशहाण्या कमिटीनं उचलून कुठं ठेवला? आजच्या शनिवारी. माझी चूक आहे का यात? तूच सांग, पोलीस आहेस. मी तेव्हा डार्सीला—डार्सी तिचं नाव—म्हटलंसुद्धा की अजून दोन महिने आहेत, तारीख हलवू. एक आठवडा. आठवड्यानं काय होतंय? ती म्हणाली, 'हलवा की. सामन्याची.' एवढंच. हसली नाही.

आणि जावई—हॉलिस. पोरगा चांगला आहे, नाही असं नाही. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मी विचारलं नाही काय कमावतोस, दारू किती पितोस, तुरुंगात जाऊन आलायस का. ते नंतर. म्हटलं, आधी सांग, कुठल्या विद्यापीठाचा? तो म्हणाला, पलीकडच्या. ताटातला मक्याचा पाव माझ्या घशाखाली उतरेना. तो मेला मला उलट विचारतो, 'सर, तुम्ही कुठल्या साली पदवी घेतलीत?' आता—मी कुठला शिकतोय! अकरावीत शाळा सोडली आणि बापाच्या दुकानात टायर काढायला लागलो. विद्यापीठाच्या वर्गाची एक पायरी चढलो नाही उभ्या जन्मात. पण स्टेडियमच्या? त्याच्या चढलो की! बेचाळीस वर्षं! मी त्याला म्हटलं, बाळा, पदवी काय, कुणालाही देतात. तिकीट मिळवून दाखव.

डार्सी शिकली. पलीकडं शिकली—बगळ्यांकडं! माझी लेक! आपल्या विद्यापीठाचं पत्र आलं होतं तिला, फी माफ, वसतिगृह फुकट, सगळं. तिनं ते पत्र टेबलावर ठेवलं आणि नदीपार निघून गेली. का गेली? नऊ वर्षं होत आली, अजून विचार करतोय. लोक विचारायचे, मी सांगायचो, तिकडं नर्सिंगचा कोर्स चांगला आहे. दुकानात कुणाला तोंड दाखवायची सोय उरली नव्हती—थांब थांब, तिसरा जादा डाव. आता बघ, आता एकेकच झटका असतो, तीन यार्डांवरनं चेंडू रेषेपार न्यायचा, दोन गुण. घुसला तर घुसला, नाहीतर मेला. आधी त्यांचा—अडव, अडव रे—अडवला! अडवला! हात दे! आता आपण घातला की संपलं. नऊ वर्षांनी, प्रुइट! जिंकणाऱ्याला मिळतं ते लाकडी वल्हं त्यांच्या काचेच्या कपाटात आठ वर्षं पडलंय, आपल्या काठच्या नावाड्याचं वल्हं! ये बाबा, ये—अरे! अरेरेरे! हातातनं सुटला! हातात आलेला चेंडू सुटतो कसा रे यांच्या? चल, चौथा.

वेळ बघितली मी. पावणेचार. पाच मिनिटांचा रस्ता आहे. तसा मी वेळेचा पक्का आहे. आणि ही जागा सोडता येत नाही, खरं सांगू का, तू हसशील—ही जागा लाभते. गेल्या वेळी जिंकलो ना आपण, नऊ वर्षांपूर्वी, एका गुणानं, तेव्हाही मी इथंच होतो. हीच गाडी, हाच कठडा. दुकानातनं निघालो होतो दवाखान्यात. मोठा दवाखाना पलीकडंच आहे ना, नोरीनला तिकडं ठेवलं होतं—नोरीन म्हणजे माझी बायको. दुपारी फोन आला, लवकर या म्हणून. निघालो की लगेच! हातातला पाना तिथंच टाकून निघालो. पण इथं पोचलो आणि चौथ्या भागातली चारच मिनिटं उरलेली. म्हटलं, चार मिनिटं. आता फुटबॉलची चार मिनिटं म्हणजे अर्धा तास, ते तुलाही ठाऊक आहे, पण त्या वेळी वाटतं ना, चारच. आणि तिलाच तर सांगायचा होता निकाल! ती माझ्याहून कट्टर. आजारपणातसुद्धा तांबडा स्कार्फ बांधायची डोक्याला. म्हटलं, अर्धवट काय सांगणार तिला—पुरा निकाल घेऊन जाऊ. गेलो. धावत गेलो चार जिने. आणि दारातच ओरडलो, जिंकलो! ...मला काय माहीत. परिचारिका यंत्र काढत होती. डार्सी खिडकीशी उभी होती, शाळेतच होती तेव्हा, सतरा वर्षांची, एकटीच होती. ती पुढं आली, माझ्या हातातनं कोट घेतला आणि खुंटीला टांगला.

डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. त्यांनीच सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. म्हणजे विचारलं होतं. दोनदा. असं का बघतोयस? फरक पडला नसता, म्हणाले ना ते. बेशुद्धच होती ती. नव्हती का? डार्सीला ठाऊक. मी कधी विचारलं नाही तिला. कसं विचारायचं असतं ते?

हे का सांगितलं मी तुला? जागेवरनं निघालं, जागेवरनं. तू कोपर का काढलंस खिडकीतनं? बरं, निघतो, निघतो म्हणतोय ना! नका आवाज चढवू. हा चौथा झाला की—ऐक, आपला पहिला आहे या वेळी. त्यांना अडवलं की मी हा निघालो, किल्ली हातातच आहे, बघा.

फोन. तीच. तिसऱ्यांदा. अहो साहेब, एक काम करता? तुम्ही उचला. तुम्ही गणवेशातले, तुमचा आवाज भारदस्त. सांगा, पुलावर अपघात झालाय, वाहतूक अडवलीय, वडील सुखरूप आहेत, दहा मिनिटं लागतील. दहाच! खोटं कसं—पुलावर कधी ना कधी अपघात होतोच की! तुमच्या बापाची शपथ आहे तुम्हाला, चव्वेचाळीस नंबरची. घ्या. घ्या हो. ...बोला ना. काहीतरी बोला! मान काय हलवताय, तिला दिसतंय का ते? ...घातला! आपण घातला! दोन गुण! आता फक्त अडवायचं—तुम्ही बोला, तुम्ही बोला, माझ्याकडं लक्ष देऊ नका.

ठेवला? एवढ्यात? काय म्हणाली? अपघाताचं सांगितलंत ना? ...तुम्ही बोलायच्या आधीच? काय विचारलं तिनं? 'कितवा जादा डाव चाललाय'? आणि तुम्ही सांगितलंत? चौथा? अहो, कशाला! ...नाही, बरोबर आहे. तिला कसं खोटं सांगणार. मग? रडत होती? रागावली होती? ...नुसतं 'थँक्यू ऑफिसर'. आणि? आणखी काय, सांगा ना, एवढा खाकरताय कशाला! 'पप्पांना म्हणावं, घाई करून गाडी चालवू नका. पूर्ण ऐकून या. मला वेंडेल काका नेताहेत.'

वेंडेल. व्याही. हॉलिसचा बाप. तो नेणार तिला हात धरून वेदीपर्यंत, बापाचं काम ते? पिवळा टाय आहे त्याचा साहेब, त्याच्यावर बगळे आहेत छोटे छोटे, मी सकाळी बघितले. माझी लेक त्या टायवाल्याच्या हाताला—सकाळपासनं ठरलेलं असणार. मघाशी पायऱ्यांवर तिच्याबरोबर चालून बघत होता तो. मला वाटलं, मस्करी चाललीय. मीच हसलो, म्हटलं, वेंडेल, पाय नीट टाक. तिला ठाऊक होतं. मी बर्फ म्हटलं तेव्हाच ठाऊक होतं. त्याच्याही आधी. तिनं दुसरा माणूसच बघून ठेवला माझ्या जागी, साहेब.

किती वाजले? तीन छप्पन. पाच मिनिटांचा रस्ता. आता गेलो तर—दार लावलेलं असेल, बाजा सुरू झालेला असेल, आणि मी मागनं शिरणार, बर्फाच्या पाण्यानं भिजलेल्या बुटांनी. कुठं बसू मी? त्यांच्या बाजूला? आमच्या बाजूला आहे कोण, मीच.

काय झालं? हा आवाज कसला? अडवला? ...खरंच? वेड्यासारखा ओरडतोय ओटिस. संपलं? जिंकलो?

बरं.

नाही, भोंगा नका वाजवू. हात नको, राहू दे. तुमच्या वडलांना कळवा, त्यांना बरं वाटेल. रेडिओ बंद करता जरा? तिकडूनच, ते बटण. हां.

जा तुम्ही साहेब. तुमची ड्यूटी असेल.