शिंकेपायी मागं राह्यले

माहेर माझं पिंपळगाव रेणुकाई, दिलं आष्टीकडं. माहेरी शिंका यायच्या, नाक वाहायचं तवा लाडानं शेंबडी म्हणायचे, अन् सासरी आल्यावर तीच शिंक अपशकुन झाली बघा. काय सांगू तुम्हाला, सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा उडतो अन् मंग शिंक लागली की लागली, डोळे चुरचुर, टाळूला खाज, थांबतच न्हाई. त्याच दिवसांत रब्बीच्या पेरणीला निघायचं म्हणलं की सासूबाई म्हणायच्या, बाई, तू जरा गोठ्यात जा. वाईट न्हवत्या त्या, चहा मलाच पहिला द्यायच्या. पण शिंक म्हणजे शिंक.

जालन्याच्या डॉक्टरनं नाकात मारायचा फवारा दिल्ता. मी तो देव्हाऱ्यात ठेवला, लग्न, बारसं, पूजा असली की तेवढा मारायचा. आमच्यात सगळे असंच करतेत, दुखलं तर गोळी, न्हाई तर न्हाई. डॉक्टर वरडला, मावशी, हे अत्तर हाय का, रोज मारायचं, बराबर सकाळी, तवा गुण येतो. तोवर दुखणं नाकातून छातीत उतरलं होतं, दमा म्हणला, आता ओढायचा पंप बी आला. वर म्हणतो, धूर अन् भुसा टाळा. म्हणलं, साहेब, भुसा टाळून खाऊ काय?

मंग माझ्या सुनंदाचं लग्न झालं. पोरीची गाडी निघायच्या टायमाला धुराळा उडाला अन् नेमकं मला सुरू झालं. कुणी काही म्हणलं न्हाई, मीच पदर नाकाला लावून गोठ्यात गेले, तिथं कडब्यानं आणखीच वाढलं. पोरीची ओटी जावेनं भरली. पोरगी आई आई करून राह्यली अन् मी गाईच्या आड तोंड दाबून. लई जिवाला लागलं ते, अजून लागतं.

आता फवारा रोज मारते, पंप बी घेते, थोडं बरं हाय. पर परवा सुनंदाचा फोन आला. आई, आज इथं घरभरणीची पूजा हाय अन् मला बी शिंका चालू झाल्या गं. म्हणलं, जल्दी डॉक्टरकडं जा, देईल ते रोज घे. ती म्हणली, माझ्या सासूबाई म्हणतेत त्याची सवय लागती. आता इतक्या लांबून मी कुणाकुणाला समजावू? बोलता बोलता पोरीला शिंक आली अन् तिनं ती दाबली, मला आईकू आलं. माझं काय, मी काढले दिवस. देवा, माझ्या लेकीला मोकळं शिंकू दे रे बाबा.