दाऊदच्या नावानं गेलेला

(जानेफळ, सन १९६४. गोजरबाईची ओसरी. समोर मुंबईहून आलेला शेषराव.)

गोजरबाई : माह्या दिराले, रामरावाले, भावाच्या नावानं पळसाच्या पानाचं बाहुलं करून जाळाचंच असंन तं जाळू द्या. मी कुंकू पुसनार नायी. माह्या घरचा मानूस जिता हाय.

शेषराव : वयनी, बारा वर्सं झाले. ना चिठ्ठी, ना निरोप. रामरावबी किती दिवस थांबन?

गोजरबाई : तुमी दोघं संगंच गेलते ना जहाजावर? तुमी वापस आले, थेबी येतीन. ह्याच जहाजानं येतो, असं सांगून गेलते मले. जहाज फिरून राह्यलं तोवर मी कायले रडू?

शेषराव : जहाज आता फिरत नायी.

गोजरबाई : म्हंजे?

शेषराव : तोडलं. गेल्या महिन्यात, मुंबईले, दारूखान्याच्या धक्क्यावर, जुने जहाजं तोडतेत तिथं. म्या जाऊन पाह्यलं. लढाईतलं जहाज होतं थे, वयनी. क्यानडा मुलुखात घाईघाईनं बांधेल. अडीच महिन्यात पान्यात! गोरे म्हनत, याच्यानं एक खेप पोचवली तरी लय झालं. थे वीस वर्सं चाललं. आंधी लढाईचं सामान वाह्यलं, मंग गहू, मंग कोयसा. गोऱ्यायचं येक नाव होतं त्याले. मुंबईच्या शेठनं घेतलं, त्यानं देवाचं नाव देल्लं. मंग दुसऱ्या शेठनं आपल्या मायचं. रंग खरवडला का खालून जुनं नाव दिसे.

गोजरबाई : जहाजाचं राहू द्या. मानूस कुठी उतरला थे सांगा.

शेषराव : उतरला नायी.

गोजरबाई : नीट सांगा, शेषराव भाऊ.

शेषराव : जहाजावर चढाले खलाशाचं सरकारी पुस्तक लागे. माह्यापाशी होतं, दादापाशी नोहोतं. रत्नागिरीकडचा दाऊद म्हनून होता, तो बिमार पडला. दादानं त्याचं पुस्तक घेतलं, दाढी वाढोली. जहाजाच्या भट्टीपाशी कोयशानं समदे काळेच, फोटो कोन पाह्यते? तवापासून जहाजावर दादा म्हंजे दाऊद. एडनच्या अलीकडं लय गरमी झाली. कोयसा टाकता टाकता भट्टीपुढंच पडला. दिवस बुडता बुडता जीव गेला.

गोजरबाई : कवा?

शेषराव : इथून गेल्याच्या तिसऱ्या महिन्यात.

गोजरबाई : दरसाल तुमी गावी येता. माह्या हातचा चहा पेता. मी इचारतो, अन् तुमी म्हनता, दादा येईन, येईन.

शेषराव : पुस्तक खोटं हाय, थे मलेच ठावं होतं. बोललो असतो तं जेलात गेलो असतो. मंग उशीर होत गेला. मंग तुमच्या कपायावरच्या कुंकवाकडं पाहून जीभच उचलेना. पाप झालं, वयनी. जोडा हाना मले.

गोजरबाई : जाळलं का पुरलं?

शेषराव : समुद्रात सोडलं. जाड कापडात शिवला, पायाले भट्टीच्या दोन सळया बांधल्या. भट्टीवाले समदे मुसलमान, त्याइनं नमाज पढली. भावासाठी रडावं तसे रडले. कप्तानानं पुस्तकातलं नाव वाचलं. तार दाऊदच्या घरी गेली. दाऊद तं जिता, आंगनात बसेल होता म्हने.

गोजरबाई : रडलं ना कोनी तरी. त्यायचे उपकार हायेत माह्यावर. तुमचा मात्र लय राग येऊन राह्यला मले.

शेषराव : यावाच. म्या बाजूले उभा होतो. खरं नाव तोंडातून निंगालं नायी.

गोजरबाई : म्हंजे जाताना त्यायले त्यायच्या नावानं कोनीच हाक नायी मारली.

शेषराव : नायी.

गोजरबाई : रामरावाले सांगा, उद्या बाहुलं जाळाले मीबी येतो मेहकरले, पैनगंगेवर. बामनानं गेलेल्याचं नाव इचारलं तं त्यानं गप राहावं.

शेषराव : मंग सांगन कोन?

गोजरबाई : मी.

शेषराव : वयनी, घरधन्याचं नाव बायको घेत नसते.

गोजरबाई : त्यायचं आयुष्य कमी होऊ नये म्हनून घेत नसते. लगनापासून नायी घेतलं म्या. आता कायचं भेव? उभे राहा. आंधी तुमीच आयका. इंद्रभान. इंद्रभान किसन वायाळ, जानेफळचे.